नवस फिटतो, ऋण उरते

आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारच्या चौकातून चार दिशांना रस्ते जातात. एक महानमार्गे अकोल्याला, एक मंगरूळपीरला, एक मालेगावला आणि एक कारंज्याला. घरात कुणाला मोठे दुखणे आले की याच रस्त्यांनी धावाधाव सुरू होते. मंगरूळपीरला ग्रामीण रुग्णालय, वाशिमला जिल्हा रुग्णालय, अकोल्याला ‘सर्वोपचार’, आणि त्याहून मोठे काही निघाले तर अमरावती किंवा थेट नागपूर. पण याच रस्त्यांवर आमची श्रद्धास्थानेही आहेत. कारंज्याला नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान, मंगरूळपीरला बिरबलनाथ महाराजांचे मंदिर आणि दादा हयात कलंदर यांचा दर्गा, मालेगाव तालुक्यात शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, मानोऱ्याच्या अंगाला पोहरादेवी, अकोल्याच्या पलीकडे शेगाव. आजारपणाच्या दिवसांत एकच घर हे दोन्ही प्रवास एकाच वेळी करत असते. एक भाऊ रुग्णाला घेऊन दवाखान्यात गेलेला असतो, दुसरा अंगारा आणायला निघालेला असतो, आणि संध्याकाळी दोघे वॉर्डाबाहेरच्या बाकावर भेटतात.

या दोन प्रवासांविषयी आपल्याकडे दोन ठरीव मते आहेत. शिकलासवरलेला माणूस अंगाऱ्याच्या पुडीकडे बघून मनातल्या मनात हसतो. त्याच्या लेखी औषध तेवढे खरे, बाकी सारे मनाचे खेळ. भाविक माणूस दवाखान्यातून घरी परतला की हात जोडून म्हणतो, माउलीनेच तारले, डॉक्टर काय, निमित्तमात्र. पहिले मत माणसाचे मन ओळखत नाही आणि दुसरे मत माणसांनाच विसरते. गंभीर आजाराच्या धक्क्यातून श्रद्धा आणि कृतज्ञता उगवतात, हे मी खरे मानतो आणि मोलाचेही मानतो. पण श्रद्धेचे काम धीर देण्याचे आहे, सौदा ठरवण्याचे नाही. आणि कृतज्ञता देवळाच्या पायरीपाशी जाऊन थांबली तर ती अर्धीच राहते.

आमच्या भागात हे दुखणे कसे येते ते आधी पाहू. रात्री दोनच्या सुमाराला छातीत कळ येते. घरातला पहिला तर्क ठरलेला असतो: पित्त झाले असेल, रात्री जड जेवण झाले. मग ओवा, सोडा, पाठीला बाम. अर्ध्या-पाऊण तासाने दरदरून घाम फुटतो, बनियन ओले होते, डावा हात भरून येतो, आणि तेव्हा कुठे घर खडबडून उठते. कुणी १०८ ला फोन लावतो, कुणी शेजारच्या गाडीवाल्याचे दार वाजवतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली की पुढचा स्नायू मिनिटामिनिटाला मरू लागतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितके लवकर मिळेल तितका स्नायू वाचतो. डॉक्टर पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणतात; बारा तास उलटले की त्या इंजेक्शनचा फारसा उपयोग उरत नाही. यातला किती वेळ पित्ताच्या तर्कात गेला आणि किती रस्त्यात गेला, यावर माणसाचे पुढचे आयुष्य ठरते.

अतिदक्षता विभागात पडलेल्या त्या माणसाच्या मनात काय चालते? सोयाबीनचा भाव, सोसायटीचे कर्ज, बांधावरून भावकीशी चाललेले भांडण, मुलीच्या सोयरिकीची बोलणी, असे कालपर्यंत ज्याने झोप उडवली होती ते सारे एका रात्रीत मागे पडते. दुसऱ्या दिवशी बायको चमच्याने वरणाचे पाणी पाजते आणि त्या पाण्याला चव आहे, हे त्याला जणू पहिल्यांदा कळते. पंचवीस वर्षे तेच वरण तो खात आला. त्याबद्दल ‘बरे झाले आहे’ एवढेही कधी बोलला नाही. आता डोळे भरून येतात. आपण आपल्या मनगटाच्या जोरावर उभे आहोत, घर आपल्यामुळे चालले आहे, ही त्याची जुनी समजूत गळून पडलेली असते. आपण कुणाकुणाच्या हातांवर तोललेले आहोत, हे पहिल्यांदाच दिसते. कृतज्ञतेचे मूळ या दिसण्यात आहे आणि श्रद्धेचेही. जो स्वतःला पुरेसा समजतो त्याला दोन्हींची गरज वाटत नाही. आजार तो भ्रम मोडतो.

मराठीत हा अनुभव ज्यांनी फार प्रामाणिकपणे लिहिला ते डॉ. अभय बंग आपल्या विदर्भातलेच. वर्ध्याच्या गांधी-विनोबांच्या वातावरणात वाढलेला हा माणूस डॉ. राणी बंग यांच्यासह गडचिरोलीला गेला, १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था उभी केली, गावोगावच्या बाळांचे मृत्यू कमी व्हावेत म्हणून खेड्यातल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. दुसऱ्यांचे आरोग्य सांभाळणाऱ्या या डॉक्टरला ऐन उमेदीत, पन्नाशीही दूर असताना, हृदयविकाराचा झटका आला. त्या अनुभवावरचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे त्यांचे पुस्तक महाराष्ट्रातल्या हजारो घरांत पोचले. एका डॉक्टरने आजाराला साक्षात्कारी म्हणावे, ही साधी गोष्ट नाही. त्यांनी वैद्यकीय उपचार सोडले नाहीत. पण तेवढ्यावर थांबलेही नाहीत. आहार, चालणे, योग, ध्यान, मनाचा ताण, देवाविषयीचे प्रश्न, असे सगळे त्यांनी तपासायला घेतले. आजार माझ्यावर बाहेरून कोसळला एवढेच न म्हणता माझ्या जगण्यात त्याची मुळे कुठे होती, हे त्यांनी शोधले. श्रद्धा आणि शास्त्र एका माणसात एकत्र राहू शकतात, एकमेकांना शिव्या न देता राहू शकतात, याचा इतका स्वच्छ दाखला मला दुसरा आठवत नाही.

मग प्रार्थनेने नेमके काय होते? प्रार्थनेने धमनीतली गुठळी विरघळते, असे मी म्हणणार नाही. कुणी म्हणत असेल तर त्याने ते रुग्णाच्या जिवावर म्हणू नये. पण घाबरलेला माणूस नामस्मरणाला लागला की त्याचा श्वास संथ होतो, छातीतली धडधड उतरते, तो हातपाय झाडत नाही, सलाइनची सुई उपसत नाही, डॉक्टरांचे बोलणे त्याच्या कानात शिरते. बाहेर बसलेल्या माणसांनाही रात्र काढायला काहीतरी आधार लागतो. पोथी वाचणारी आई, तसबीह ओढणारा शेजारी, मोबाइलवर भजन लावून बसलेला मेहुणा, या सगळ्यांनी मिळून ती रात्र धरून ठेवलेली असते. धीर हे औषध नव्हे, हे खरे. पण औषध घेण्याची ताकद धीरानेच येते. श्रद्धेचा एवढा हक्क मान्य करायला विज्ञानाची कसलीही अडचण नाही.

अडचण सुरू होते ती नवसाच्या भाषेपासून. ‘एवढ्यातून उठू दे, पायी शेगावला येईन.’ ‘पोराला वाचव, पाच वर्षे वारी चुकवणार नाही.’ ज्याने हे शब्द उच्चारले त्याला मी हसणार नाही. त्या क्षणी माणसाजवळ दुसरे काही नसते आणि जे आहे ते तो देवापुढे ठेवतो. पण या भाषेत एक करार लपलेला आहे. तू हे दे, मी ते देईन. करार झाला की तो पाळला गेला का, हा हिशेब मागोमाग येतो. माणूस बरा झाला तर देवाने शब्द पाळला. आणि बरा झाला नाही तर?

वॉर्डात दोन खाटा शेजारी शेजारी असतात. एका खाटेवरचा माणूस आठवड्याने उठून बसतो, त्याचे नातेवाईक पेढे वाटतात आणि आनंदाच्या भरात म्हणतात, ‘आमची श्रद्धा खरी होती, म्हणून वाचला बाप्पा.’ शेजारच्या खाटेवरचा माणूस पहाटे गेलेला असतो. त्याच्या बायकोनेही गुरुवार धरले होते, त्याच्याही उशीखाली तशीच अंगाऱ्याची पुडी होती. चादर गोळा करताना ती पुडी तिच्या हाताला लागते. पेढ्याबरोबरचे ते वाक्य तिच्या कानावर पडले तर तिने त्याचा काय अर्थ घ्यायचा? तिची श्रद्धा खोटी होती? तिचा नवस कमी किमतीचा होता? बोलणाऱ्याच्या मनात असे काही नसते, हे मला ठाऊक आहे. पण त्याच्या वाक्यातून निघणारा निष्कर्ष हाच आहे, आणि तो क्रूर आहे. आपल्या सुटकेला आपल्या भक्तीचे बक्षीस ठरवले की दुसऱ्याच्या मृत्यूला त्याच्या भक्तीची कसर ठरवावे लागते. ज्या श्रद्धेला त्या बाईच्या डोळ्याला डोळा देता येत नाही, ती श्रद्धा मला पुरेशी वाटत नाही.

आपल्या वऱ्हाडाच्या संतपरंपरेने तर हा करार कधीच मोडून टाकला आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंजात गेले, ते कर्करोगाने. ज्यांच्या खंजिरीवर गावेच्या गावे जागी झाली, त्या महाराजांची श्रद्धा कमी पडली म्हणून आजार हटला नाही, असे म्हणण्याची कुणाची छाती आहे? संतांची शरीरेही आजारी पडली, झिजली, संपली. त्यांची श्रद्धा शरीर वाचवण्याच्या अटीवर उभी नव्हती, म्हणूनच ती शेवटपर्यंत टिकली. आणि याच तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाच्या आरोग्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला. देवभक्ती आहे म्हणून स्वच्छता आणि दिनचर्या यांच्याकडे दुर्लक्ष करायची मुभा त्यांनी कुणाला दिली नाही.

त्याहून जुना दाखला कारंज्याशी जोडलेल्या ‘गुरुचरित्रा’तच आहे. त्याच्या तेराव्या अध्यायात नृसिंहसरस्वती आपल्या जन्मगावी, कारंज्याला येतात, आणि त्याच अध्यायात पुढे गोदाकाठी पोटशूळाने गांजलेल्या एका ब्राह्मणाची कथा येते. अन्न पोटात ठरत नाही, वेदना सोसवत नाहीत, म्हणून तो नदीत जीव द्यायला निघालेला असतो. गुरू त्याला आधी मरणापासून मागे फिरवतात आणि मग सायंदेव नावाच्या गृहस्थाच्या घरी जेवायला बसवतात. भाविक या कथेत चमत्कार वाचतात, वाचोत. मला त्यात कृपेचा क्रम दिसतो. जीव द्यायला निघालेल्याचा हात आधी धरला गेला, नंतर त्याला माणसांच्या पंगतीत बसवले गेले. कृपा इथे कुणाच्या तरी घरातून आणि कुणाच्या तरी हातच्या अन्नातून आली. जीवघेण्या आजारात देव येतो तो असाच, कुणाच्या तरी हातांनी. मग त्या हातांकडे बघायचेच नाही, ही कसली भक्ती?

हात ओळखण्याची ही दृष्टी किती मोठी असू शकते याचा एक प्रसंग पुण्यात घडला. महात्मा गांधी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते. १९०९ मध्ये लिहिलेल्या ‘हिंद स्वराज’मध्ये त्यांनी डॉक्टर आणि इस्पितळे यांच्यावर सडकून टीका केली होती. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री अपेंडिक्सच्या दुखण्याने ते ससून रुग्णालयातल्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते, आणि शस्त्र हातात घेतलेले सर्जन होते कर्नल मॅडॉक, म्हणजे ज्या सरकारने त्यांना कैदेत टाकले त्याच सरकारचे अधिकारी. गांधींनी शस्त्रक्रियेपूर्वी त्यांच्यावर पूर्ण विश्वास असल्याचे लेखी निवेदन दिले. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. गांधी वाचले, आणि त्यांनी मॅडॉक यांचे ऋण मोकळ्या मनाने मानले. रामनामावर ज्याची जन्मभराची निष्ठा, त्याने परक्या सत्तेच्या सर्जनच्या हाती देह सोपवला आणि त्यात रामनामाला कुठे उणेपणा आला नाही. खरी श्रद्धा माणसाला विश्वास ठेवण्याइतके मोठे करते. डॉक्टरवरचा विश्वास हा देवावरच्या विश्वासातला वाटेकरी नसतो.

जिथे श्रद्धा हा विश्वास हिरावून घेते तिथे मात्र ती जीव घेते, आणि हे आमच्या शिवारात दरवर्षी दिसते. पावसाळ्यात सोयाबीनच्या दाटीत, तुरीच्या ओळींत, रात्री जमिनीवर झोपलेल्या घरांत साप चावतो. मण्याराचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. माणूस पोटात कळ येते म्हणतो, पापण्या जड होऊ लागतात, आणि पहाटेपर्यंत श्वास थांबू शकतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असावीत, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. यातली कितीतरी माणसे दवाखान्याऐवजी आधी मांत्रिकाच्या ओट्यावर नेली गेली. साप बिनविषारी निघाला तर मंत्राचे नाव होते, विषारी निघाला तर नशिबाचे नाव होते, आणि मांत्रिक दोन्हीकडून सुटतो. म्हणूनच महाराष्ट्राने २०१३ मध्ये केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. हा कायदा श्रद्धेविरुद्ध नाही. प्रतिविष सुरू झाल्यावर खाटेशेजारी बसून कुणी हनुमानचालिसा म्हणाला, दुवा मागितली, त्याला कायदा आडवा येत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. आधी गाडी, मग अंगारा. हा क्रम पाळणारा माणूस कमी भाविक ठरत नाही.

आता त्या प्रतिविषाच्या कुपीकडे जरा जवळून पाहू. दंशातून वाचलेला माणूस घरी येतो आणि म्हणतो, देवाने वाचवले. ती कुपी त्याच्यापर्यंत कशी आली? तमिळनाडूत इरुळा आदिवासींची एक सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारे हे लोक नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष काढून देतात आणि सापांना पुन्हा रानात सोडतात. ते विष अगदी थोड्या प्रमाणात घोड्यांना टोचले जाते. घोड्यांच्या रक्तात त्याला तोड देणारी द्रव्ये तयार होतात, ती वेगळी करून कुपीत भरली जातात. मग ती कुपी सांभाळणारा औषधनिर्माता, रात्रपाळीची नर्स, प्रत्येक तासाला रुग्णाच्या पापण्या उचलून बघणारा नुकता पास झालेला डॉक्टर, रस्त्यावरचे खड्डे चुकवत गाडी हाणणारा चालक. शेलूबाजारच्या शेतकऱ्याच्या जिवामागे तमिळनाडूतला एक इरुळा आणि कुठल्यातरी तबेल्यातला एक घोडासुद्धा उभा असतो. देवाने वाचवले, हे वाक्य मी खोडत नाही. ते पूर्ण करा, एवढेच म्हणतो. देवाने ज्यांच्या ज्यांच्या हातून वाचवले त्यांची नावे घ्या. ज्यांची नावे कळणार नाहीत त्यांच्यासाठी काहीतरी करा.

नाव न कळणाऱ्यांचे ऋण फेडण्याची सर्वांत सोपी वाट रक्तपेढीतून जाते. बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बाईला, अपघातात सापडलेल्या पोराला, सिकलसेलच्या लेकराला ज्या पिशव्या लागतात, त्या कुणीतरी अनोळखी माणसाने दिलेल्या असतात. एका वेळी साधारण ३५० मिलिलिटर रक्त घेतात. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा देता येते, आणि साठवलेल्या रक्ताचे आयुष्य पाच-सहा आठवड्यांचेच असते, म्हणून ते सतत कुणीतरी देत राहावे लागते. हृदयविकारातून उठलेल्या माणसाला स्वतःला रक्त देता येणार नाही कदाचित. पण त्याची मुले, पुतणे, जावई देऊ शकतात. वाढदिवसाच्या फलकांवर आणि डीजेवर पैसा उधळणाऱ्या आमच्या तरुणांना घरातल्या थोरल्याने, ‘माझ्या अंगात तुमच्यासारख्या कुणाचे तरी रक्त गेले आहे,’ असे एकदा सांगितले, तर ते शंभर व्याख्यानांपेक्षा जास्त पोचेल.

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळता येणार नाही. गरिबाला कृतज्ञता शिकवू नका, असे काही कार्यकर्ते म्हणतात. आधीच तो सगळीकडे हात जोडून उभा असतो. दवाखान्यात त्याच्यावर खेकसतात, तपासण्यांसाठी बाहेर धाडतात, औषध संपले म्हणून चिठ्ठी हातात देतात, आणि तरी तो सुटताना ‘तुमीच आमचे देव हा साहेब’ म्हणून पाया पडतो. जो उपचार त्याचा हक्क आहे तो त्याला उपकार वाटतो, आणि या वाटण्याने व्यवस्थेचे फावते. हा आक्षेप खरा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, पुढे तिला आजचे नाव मिळाले, आणि आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तिच्यात तरतूद आहे. हा पैसा जनतेच्याच करातून येतो. तिचे कार्ड दाखवताना कुणाला मान खाली घालायची गरज नाही.

पण यावर उपाय कृतज्ञता सोडून देणे हा नाही. माणसांशी कृतज्ञ राहावे आणि व्यवस्थेकडे हक्काने मागावे. या दोन गोष्टींत भांडण नाही, उलट पहिलीतून दुसरी निघाली पाहिजे. ज्या नर्सने रात्रभर लक्ष ठेवले तिचे आभार मानायचे असतील, तर एका नर्सवर दोन-दोन वॉर्डांचा भार का, हा प्रश्नही तिच्या बाजूने आपणच विचारला पाहिजे. आशाताई रात्री-अपरात्री बाळंतिणीला गाडीत घालून नेते. तिचे मानधन थकले असेल तर गावाने गप्प का बसावे? ‘वेळेवर पोचलो, देवाची कृपा,’ असे आपण म्हणतो. वेळेवर न पोचलेल्यांवर देवाचा कोप होता काय? त्यांच्या गावाला रस्ता नव्हता, गाडी मिळाली नाही, पहिल्या दवाखान्यात ईसीजी काढायला माणूस नव्हता. या गोष्टी माणसांच्या हातातल्या आहेत, आणि त्या देवाच्या नावावर टाकणे म्हणजे देवाची बदनामी करणे होय.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. पुढे केंद्र सरकारने देशातले आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि धाराशिव यांच्या जोडीला वाशिमचेही नाव आले. नाव गोंडस असले तरी अर्थ सरळ आहे: आरोग्य, शिक्षण आणि पोषण यांत आपण मागे आहोत. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. त्याच्यावर चढण्या-उतरण्याची सोय शेलूबाजारला मिळाली आणि नागपूर जवळ आले. २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या दोन्ही गोष्टींनी जीव वाचतील, आणि त्याबद्दल समाधान मानायलाच हवे. पण महामार्गावर दुचाकी जात नाही, आणि रात्री दोन वाजता ज्याच्या दारात दुचाकीशिवाय काही नाही, त्याच्यासाठी तो सहापदरी रस्ता असून नसल्यासारखा आहे. महाविद्यालयाची पाटी लागली म्हणजे हृदयरोगाचा तज्ज्ञ येऊन बसला, असेही होत नाही. आजारातून वाचलेल्या माणसाला हे जितके कळते तितके न आजारलेल्याला कळत नाही. म्हणून बोलण्याची पहिली जबाबदारी त्याची.

श्रद्धेचे हे असे कर्तव्यात रूपांतर कसे करावे, हे वऱ्हाडात कुणाला शोधत बसायला नको. गाडगेबाबा इथलेच. १८७६ मध्ये शेंडगावला जन्मले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ प्रवासातच गेले. नवसाला बोकड कापू नका, कर्ज काढून देवकार्य करू नका, हे त्यांनी गावोगाव ओरडून सांगितले. पण ते नास्तिक नव्हते, त्यांच्या कीर्तनात देवाचे नाव अखंड होते. एकुलता एक मुलगा गेल्याची बातमी कीर्तन चालू असताना कळली आणि बाबांनी कीर्तन थांबवले नाही, असे सांगतात. ज्या बापाचे लेकरू गेले त्याने देवाशी भांडण मांडले नाही आणि सौदाही मांडला नाही. त्याने लोकांकडून जमा झालेला पैसा देवळांच्या कळसाला न लावता धर्मशाळांना लावला. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी दूरदूरहून आलेली माणसे तिथे उतरतात. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत परक्या शहरात डोके टेकायला जागा आणि दोन वेळचे अन्न मिळते, ते एका निरक्षर कीर्तनकाराने घालून दिलेल्या वाटेमुळे. आजाऱ्याला औषध आणि निराश झालेल्याला हिंमत, ही दोन्ही कामे त्यांनी देवपूजेतच मोजली.

श्रद्धा अशी असली की ती बरे न होणाऱ्यांनाही पुरते. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला ‘विश्वास ठेव, चमत्कार होईल’ असे सांगणे म्हणजे त्याला एकटे पाडणे. त्याला आपले भय बोलून दाखवायची चोरी होते. त्याच्याजवळ बसणे, वेदना कमी करणारे औषध वेळेवर मिळेल असे पाहणे, त्याची देणीघेणी आणि मुलांची चिंता ऐकून घेणे, त्याला आवडीचा घास भरवणे, हे श्रद्धेचे अधिक अवघड आणि अधिक खरे रूप आहे. अशा खाटेवरही कृतज्ञता असते. जे मिळाले त्याबद्दल असते, जे मिळणार आहे त्याच्या आशेवर नसते. म्हणून मृत्यू तिला खोटे पाडू शकत नाही.

तेव्हा आजारातून उठलेल्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे. नवस बोलला असाल तर जरूर फेडा. शेगावला जा, कारंज्याला जा, दर्ग्यावर चादर चढवा, पोहरादेवीला नारळ फोडा. पण तेवढ्याने हिशेब मिटला असे समजू नका. ज्या १०८ च्या चालकाने तुम्हाला नेले त्याला शोधून भेटा. घरातल्या एकाला तरी रक्तदानाची सवय लावा. चावडीवर बसून पोरांना सांगा की छातीत कळ आली आणि घाम फुटला तर पित्ताची वाट बघू नका, साप चावला तर मांत्रिकाची पायरी चढू नका. आणि येत्या ग्रामसभेत उठून उभे राहा, आपल्या आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर असतो का, प्रतिविष आहे का, ईसीजीचे यंत्र चालू आहे का, हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. तुम्ही वाचलात. पुढचा माणूस वाचावा म्हणून केलेले प्रत्येक काम ही देवापुढे ठेवलेली कृतज्ञताच आहे.